पानकणसाच्या कोपऱ्यातली मरळ

वेडेपणा मी आयुष्यभर पुष्कळ केला, पण सासूने जाऊ नको म्हटलेल्या कोपऱ्यातच गळ टाकून पिलांवरची मरळ उचलून आणली, त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं. मी परतूरची. मासा बाजारात, टोपलीत पाहिलेला. तरी वर्षभरात बोटाएवढे चार मासे धरले आणि मला वाटायला लागलं, आता तलाव आपल्याला कळला.

तलाव खरा कळलेला होता सासूला. शेतातून येताना ती घटकाभर काठावर बसायची आणि रिकाम्या हाताने उठायची नाही. जागा तिनेच मला दाखवल्या. सांडव्याखाली पाणी खळाळतं तिथं रोहू. बुडालेल्या बाभळींच्या बुडाशी वाम. आणि उगवतीच्या कोपऱ्यात, जिथं पानकणसं माजलेली, पाणी उथळ, थांबलेलं, खाली गाळ, तिथं मरळ.

"पण आखाडात त्या कोपऱ्याला बिलकुल जायचं न्हाई," एवढंच म्हणाली. का, ते सांगितलं नाही. विचारायची माझी टाप नव्हती, म्हणून कारण मीच शोधून काढलं: म्हातारी चांगली जागा स्वतःसाठी राखून राह्यली! म्हातारी म्हणजे तेव्हा पंचेचाळीसचीही नव्हती. आज मी सत्तरीला टेकले आणि मला कोणी म्हातारी म्हणालं की दिवसभर फुगून बसते.

आखाडाचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे महिनाभर घरात मासळीचं नाव नाही. आणि त्याच दिवशी दुपारी माझे आबा पहिल्यांदा माझ्या सासरी येणार होते. मी त्यांना निरोप धाडला होता, माझ्या हातची मासळी खायला या. रांधलेली म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी 'मीच धरलेली' हेही जोडलं होतं. आता मासा नाही मिळाला तर बापापुढे आणि सासरच्यांपुढे एकदमच नाक कापलं जाणार.

सकाळी पाण्याला जाते म्हणून घागर घेतली आणि थेट कोपरा गाठला. बघते तर पाण्यावर लाल ठिपक्यांचा एक ढग. वर यायचा, थरथरायचा, पुन्हा खाली जायचा. माझ्या डोक्यात प्रकाश काही पडला नाही. कोणीतरी कुंकू सोडलं असेल, असं म्हणून मी हातसुद्धा जोडले! आणि जोडलेल्याच हातांनी गळाला बेडकी लावून बरोबर त्या लालीत टाकली. बेडकी पाण्याला टेकते न टेकते तोच असा हिसका बसला की मी गुडघाभर गाळात. पण गळाची काठी सोडली नाही. मनगटाएवढी जाड मरळ घागरीत घालून, वर ओलं फडकं बांधून, मी मिरवत घरी आले.

सासूने फडकं उचललं. "कुठली?"

"सांडव्याची, आत्या."

"त्या धारेत मरळ? पोहायला शिकाया गेल्ती का?" मग माझ्या चिखलाने भरलेल्या लुगड्याकडे बघून हळूच विचारलं, "वर लाल लाल होतं का गं काही?"

"होतं. कुंकू."

"कुंकू न्हाई, बाई. पिलं व्हती तिची. आखाडात ती पिलं राखती, म्हणून जे टाकशील त्याच्यावर धावती. भूक नसती तिला." आणि चपला पायात सरकवल्या. "चल जल्दी. मरळ घागरीत दम धरती, पिलं बगळ्यापुढं न्हाई धरत."

(परवा नातीने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "आजी, पिलं राखायला जास्त करून बाप असतो." मी म्हटलं, माशांत असेल. पेपर वाचणारे तिचे आजोबा खोकले.)

कोपऱ्यावर तीन बगळे आमच्या आधी हजर होते. सासूने ढेकूळ मारून ते उठवले आणि मी घागर पाण्यात आडवी केली. मरळ बाहेर आली, तशीच पडून राहिली. मग शेपटी हलली आणि ती गाळात गेली. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने पानकणसांच्या मुळाशी लाली वर आली. पहिल्यापेक्षा लहान, पण आली.

आबा आले तेव्हा चुलीवर पिठलं रटरटत होतं. ताट बघून ते म्हणाले, "मासळी कुठं हाय?"

मी भिंतीला चिकटले. आता सासू सगळं सांगणार. सासू भाकरी थापता थापता म्हणाली, "इवाई, तुमच्या लेकीनं धरल्ती की. चांगली मोठी. पण लेकुरवाळी निघाली, म्हणून दोघी जणी जाऊन तिला तिच्या घरी पोचवून आलो."

आबा हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. पिठलं तीनदा मागून घेतलं. मग ते आणि सासू कुठल्या पाण्यात काय सापडतं यावर असे बोलत बसले की मी कोण, हे दोघं विसरले.

संध्याकाळी परतूरच्या गाडीसाठी आबांना फाट्यावर सोडायला गेले. पायरीवर एक पाय ठेवून ते मला म्हणाले, "पोरी, दसऱ्यानंतर येतो मी, माझा गळ घेऊन. पण जागा तू दाखवू नको बरं, इहीणबाईलाच दाखवू दे."