जिन्यातलं निळं पिंप

रविवार, ४ मे २०२५. ऊन कडक. लेकीचा, शिवानीचा पुण्याहून फोन. तिला रजा नाही. हुग्गीच्या खिरीसाठी गहू सडून झाले. उद्या यांची आराधना आणि उद्याच नळाची पाळी. मठातून माणूस येऊन गेला. अय्या दहापर्यंत येतील. 'घरात दुसरं काही होत नाही ना?' असं त्यानं विचारलं. नाही म्हणून सांगितलं. जिन्यात बुडबुड चालूच.

सावित्रम्मांनी वही मिटली. नवरा गेल्यापासून दर वर्षी त्याच्या तिथीला त्या अय्यांची, म्हणजे मठातल्या जंगमांची, पाद्यपूजा करून त्यांना पोटभर जेवू घालत. अय्या जेवले की नवऱ्याचं वर्ष नीट पार पडलं असं त्यांना वाटे. ज्या घरात दारू, त्या घरात अय्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत, हे अख्ख्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. शाळेत असताना कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांपुढेही ज्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्या सावित्रम्मा आज एका पिंपापायी मठाशी खोटं बोलल्या होत्या.

पिंप त्यांच्या दिराचं, अण्णारावांचं.

अण्णारावांची सगळी नोकरी अकलूजकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. उसाचा रस नळीत धरायचा, गोडी तपासायची, आकडा लिहायचा. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सोलापूरच्या घरात वरच्या मजल्यावर येऊन राहिले. घर दोघा भावांचं, त्यामुळे कुणी हरकत घेण्याचा प्रश्न नव्हता. भावाच्या गेल्या वर्षीच्या आराधनेनंतर त्यांनी बीअर करायला घेतली. ज्वारी भिजवायची, ओल्या पोत्यात मोड आणायचे, गच्चीवर वाळवून भरडायची, पातेल्यात शिजवून गाळायची. हॉप्सची कडवट फुलं कुरिअरनं यायची. रस निवला की यीस्ट घालून निळ्या पिंपात. झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली. तिच्यातून हवा बुडबुडत राही. वरच्या खोलीत पत्र्याची उष्णता, म्हणून पिंप जिन्यातल्या गारव्याला, म्हणजे नेमकं सावित्रम्मांच्या देवघराच्या भिंतीला लागून.

विकायची नाही, कुणाला बोलवायचं नाही. संध्याकाळी एक ग्लास घेऊन एकटंच गच्चीवर बसायचं. सावित्रम्मांना हेच जास्त खुपे. झिंगून पडणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. ग्लास विसळून पालथा घालणाऱ्याला काय सुनावणार?

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते धुण्याभांड्याला येणाऱ्या गोजाबाईच्या मार्फत, समोरासमोर उभं राहून.

"गोजाबाई, भावोजींना सांग, उद्या सकाळच्या आत ते पिंप घराबाहेर गेलं पाहिजे."

अण्णाराव माढ्याला जुन्या सोबत्याकडे मुक्कामाला निघाले होते. चपलेत पाय घालत ते म्हणाले, "वैनींना सांग, पिंप हलवलं की तळाचा गाळ वर येतो. एवढ्यात हात लावायचा नाही."

"त्यांच्याच सख्ख्या भावाची आराधना आहे म्हणावं."

"भाऊ असता तर पहिला ग्लास त्यालाच दिला असता म्हणावं."

"गेलेल्या माणसाला तरी सोडा म्हणावं!"

"आवं, तुमी दोगंबी हितंच हाय की," गोजाबाई वैतागली. "माजं तोंड कशापायी शिणवताय?"

"पोलिसांना अर्ज करा म्हणावं, इंग्रजीत. वैनी लई शिकलेल्या आहेत की." अण्णारावांनी पिशवी खांद्याला लावली आणि दार धाडकन ओढून घेतलं.

सोलापुरात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी सकाळी गल्लीभर एकच उद्योग : पिंपातलं, घागरीतलं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची आणि ताज्या पाण्याची वाट बघायची. सोमवारी सावित्रम्मांनी आपली पिंपं रिकामी केली. मग त्या जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. नळाच्या दिवशी पिंप ओतणाऱ्या बाईला कोण काय विचारणार?

"धर गं त्या बाजूनं."

"आवं, ते अण्णांचं हाय न्हवं?"

"शिळं पाणी आहे."

"शिळ्या पाण्याला फेस येतोय व्हय?"

"तू धर."

दोघींनी पिंप मोरीवर कलतं केलं. तपकिरी पाणी फसफसत मोरीतून गल्लीच्या उघड्या गटारात गेलं. आंबलेल्या पिठाचा, कडवट, डोक्यात जाणारा वास उठला. सावित्रम्मांना त्याची काळजी नव्हती. नळ आला की चार बादल्या मारल्या, की सगळं वाहून जाणार.

नळ आला. सूं सूं करत बारीक धार धरली, एक घागर कशीबशी भरली आणि गेला.

गटाराला उतार नव्हता. शेजारच्या निंगप्पाच्या किराणा दुकानासमोर फेस साचून राहिला आणि उन्हानं तापू लागला. सावित्रम्मा बादली घेऊन दारोदार फिरल्या. पण शिळं पाणी सगळ्यांनीच ओतलं होतं. "काय ओतलंस गं अम्मा?" निंगप्पानं दुकानातून हाळी दिली. "गिऱ्हाईक नाक धरून उभं हाय की!"

भरलेली घागर त्यांनी गटारात रिकामी केली असती, पण पाद्यपूजेला दुसरं पाणी नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अय्या दिसले. त्यांच्या मागोमाग माढ्याहून परतलेले अण्णाराव. गटाराकडे नजर जाताच अण्णारावांचा चेहरा उतरला. अय्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"अम्मा, हे काय?"

"दारू हाय अय्या," निंगप्पानं परस्पर सांगून टाकलं. "सावित्रम्माच्या मोरीतनं आली."

सावित्रम्मा अण्णारावांकडे वळल्या. "भावोजी, सांगा ना त्यांना!" इतक्या दिवसांत थेट त्यांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माझीच, अय्या. मी केलेली," अण्णाराव म्हणाले. "पण झाकून ठेवली होती. गल्लीत आणली ती यांनी."

"कुणी केली ते मी विचारत नाही. मठाच्या माणसाला नाही म्हणून कुणी सांगितलं?"

निंगप्पा, त्याची बायको, गोजाबाई सगळे सावित्रम्मांकडे बघत होते.

"मी," त्या म्हणाल्या.

"मग यंदा राहू द्या." उंबऱ्याला पाय न लावता अय्या आल्या वाटेनं गेले.

ते वळणाआड झाले.

"तुमच्यामुळं अय्या दारातून परत गेले!" सावित्रम्मांचा आवाज फाटला.

"माझ्यामुळं? वर्षभर जिन्यात होती, कुणाच्या नाकाला पत्ता नव्हता. झाकण कुणी काढलं?"

"घर बाटवलंत तुम्ही!"

"बाटवलं मी, आणि वाटलं तुम्ही, गल्लीभर! माझी एवढी मेहनत गटारात ओतली आणि वर तोंड करून बोलताय?"

"सख्ख्या भावाचा दिवस होता!"

"मग खरं सांगितलं असतं, तर अय्या तुमच्या दाराला आले असते का? खोटं सांगून आणलेला अय्या जेवला असता तरी भावाला काय पोचलं असतं?"

"निघा माझ्या समोरून," सावित्रम्मा म्हणाल्या.

"निघतो की. घर अर्धं माझं आहे, वरच्या अर्ध्यात जातो." अण्णारावांनी रिकामं पिंप उचललं, आत डोकावून पाहिलं आणि पायऱ्यांवर आपटत वर नेलं. थोड्या वेळानं जिन्याच्या दाराला वरच्या बाजूनं कुलूप लागल्याचा आवाज आला. सावित्रम्मांची वाळत घातलेली लुगडी गच्चीवरच राहिली. त्या मागायला गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. तारीख घातली. नळ आला आणि लगेच गेला, असं लिहिलं. मग खाली लिहिलं : हुग्गी पातेलंभर उरली. निम्मी गोजाबाईला दिली, निम्मी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली आहे.