वरच्या शेताचं गोडं पाणी

माझी बायको शेतातलं पाणी चाखायची. पावसाचे पंधरा दिवस गेले की चिखलात उतरून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, थुंकायची आणि सांगायची, "अजून खारं हाय. बी टाकू नका." गाव तिला चाखी म्हणायचं. हसायचे सगळे, पण पेरणीआधी तिलाच बोलवायला यायचे.

आमची शेतं खाडीकाठची, जासईच्या बाजूला. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ वर येतं. पावसात वरच्या शेताचं गोडं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या शेतात यायचं आणि मीठ धुऊन खाडीत जायचं. मग भात. चाखी रोज बांधावरून फिरायची, खेकड्यांची भोकं टाचेनं बुजवायची. मी म्हणायचो, "घरात पाय ठरत नाही का तुझा?" ती म्हणायची, "तुमचा ठरतो ना, म्हनून माझा फिरतो."

नव्या शहराच्या रस्त्यात आमचं वरचं शेत गेलं, खालचं सुटलं. रस्त्याच्या साहेबाकडून हे ऐकून मी खुशीत घरी आलो. निम्मं तरी वाचलं! तिचं सूप हातातच थांबलं. "अवो, वरचं गेलं तर खालच्याला गोडं पानी कोन देनार? तुमचा सायेब?" जन्म शेतात गेला माझा, आणि हे सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. मुरमाचे ट्रक यायचे, भराव किती पुढे सरकला ते ती पावलं टाकून बघून यायची. जेवताना मध्येच उठायची. शेवटी मला ओढत साहेबाकडे घेऊन गेली. "रस्ता करा सायेब, पन खालून पान्याला वाट ठेवा." साहेब भला माणूस. त्यानं पाइप टाकून दिला, पण हातभर उंच. पाणी तिथपर्यंत चढेना, रस्त्याच्या कडेनं भलतीकडेच गेलं. चाखी म्हणाली, "आता पान्याला शिडी लावा." मी हसलो. ती हसली नाही.

पहिल्या वर्षी भाताचे शेंडे पिवळे पडले. दुसऱ्या वर्षी ती "नको" म्हणाली, तरी मी हट्टानं पेरलं. सगळं जळालं. तिसऱ्या वर्षी तिनं पाणी चाखलंच नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. रोज सकाळी विचारायची, "पानी शिरलं का?" मी रस्त्यापर्यंत जायचो, कोरडा पाइप बघून यायचो, "नाही" म्हणायचो. एका सकाळी तिच्या तोंडाकडे बघून मला ते म्हणवेना. म्हटलं, "शिरलं. धो धो शिरलं."

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. "मंग बसलात काय? बी काढा. माझ्यासमोर भिजत घाला."

मी बी काढलं. तिच्या उशाशी बसून भिजत घातलं. चौथ्या दिवशी ती गेली. तोवर बियाला मोड आले होते.