एका ओळीत सगळी गावं

चंद्रपूरच्या आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर यायच्या आधी त्याच्यासाठी एसी आला, मग पडदे आले, मग दाराबाहेर चपला काढायची पाटी आली. मे महिन्यात आम्ही माणसं उकडून निघत होतो आणि यंत्र मात्र गारव्यात. वीजकेंद्र गावाला लागून, तरी गावातले दिवे सारखे जात. धरण उशाला नि कोरड घशाला. मी आरमोरीकडच्या बौद्ध घरातली, आमच्यातली पहिली नोकरी करणारी मुलगी. टायपिंगची परीक्षा पास झालेली म्हणून मला त्या गार खोलीत बसवलं. शेजारच्या खुर्चीवर, सगळे ज्यांना भाऊ म्हणत, ते.

भाऊ गोंडपिपरीकडचे, आकडेवारीच्या शाखेतले जुने कारकून. कॉम्प्युटर शिकायला बाहेरगावी पाठवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी पाय मागे घेतले, हे गेले आणि शेल शिकून आले. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक खूण. तिच्यापुढे आपण कमांड लिहायची आणि यंत्रानं मुकाट ऐकायचं. खोलीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. साहेबांना तर मुळीच नाही, पण ते कबूल करणं त्यांच्या पगाराला शोभलं नसतं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं लोटली होती. आमच्या कॉम्प्युटरात मात्र दर गावाच्या नोंदींची एक फाइल आणि सगळ्या फाइलींना जुन्याच जिल्ह्याच्या पद्धतीची नावं. ती बदलून गडचिरोलीच्या नव्या पद्धतीची करायची होती. एकेक नाव हातानं बदलत बसलो असतो तर निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. भाऊ एका ओळीत अख्खा तालुका उरकत. आधी रद्दी कागदाच्या पाठीवर कमांड लिहीत, मग तिच्यातलं एकेक अक्षर खोडत जात.

‘‘हे काऊन पाहिजे? याच्याबिगर बी मशीनले समजते,’’ म्हणत आणि खोडत. मग कागद माझ्याकडे सरकवत. ‘‘पाहा बाई, अजून काई कमी होते का?’’

मला वाटे हा त्यांचा छंद. काही माणसांना भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय करमत नाही, तसं. मीही शिकत गेले. संध्याकाळी घरी जाताना डोक्यात कमांडच घोळत असे. ते दिवस मला आवडत होते, हे सांगून टाकते, कारण पुढे सांगण्यासारखं आवडतं काही नाही.

एका दुपारी भाऊ टाइप करत होते. त्यांची पद्धत ठरलेली, एकच बोट आणि नजर कीबोर्डच्या कळांवर. पाहते तर कळांवर रक्त. छपाईच्या कागदातली टाचणी बोटात रुतलेली आणि भाऊ तसेच टाइप करून राहिलेले. मी ओरडले तेव्हा त्यांनी बोटाकडे पाहिलं, ते माझ्या ओरडण्यामुळे. दुखलं म्हणून नव्हे. टाचणी त्यांनी उपसून काढली, तीही दुसऱ्याच्या बोटातली काढावी तशी.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तेव्हा शाळांच्या, दवाखान्यांच्या भिंतींवर कुष्ठरोगाच्या, सुन्न चट्ट्याच्या सूचना रंगवलेल्या असत. लहान मुलालाही कळलं असतं. मग त्यांनीच सांगितलं.

‘‘दवाई चालू हाय बाई, दूरच्या दवाखान्यातून आनतो. डॉक्टर म्हनते बरा होईन. पन बोटाले कळत नाई. कोनती कळ दाबली ते डोळ्यानं पाहा लागते.’’ मग म्हणाले, ‘‘कोनाले सांगू नोका. इथी समजलं त खुर्ची गेली, अन् गावात समजलं त पानी बंद.’’

म्हणजे तो छंद नव्हता. कमांड जितकी तोकडी, तितक्या कळा कमी, तितकं त्या बोटाचं पितळ उशिरा उघडं पडणार. राहिलं पाण्याचं. आमच्या आईनं लहानपणी वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. ‘पाणी बंद’ हे शब्द आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नसत.

त्यानंतर लांबलचक टाइपिंग मी ओढून घेऊ लागले. शेलची कामं भाऊंकडेच राहिली. ती त्यांची होती. बरेच महिने हे निभावलं.

मग वरून कुणीतरी पाहुणे येणार म्हणून साहेबांना घाई झाली. उरलेल्या एका तालुक्याची नावं आजच बदला, माझ्यासमोर. साहेब भाऊंच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभे राहिले. मी शेजारीच होते.

आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं शेजारी शेजारी असतात. एक चक, दुसरं माल. पिंपळगाव चक, पिंपळगाव माल. पाण्याचा तलाव निराळा, शिवार निराळं, देव निराळा. फाइलींच्या नावात तो फरक शेवटच्या एका अक्षरात ठेवलेला होता. ते अक्षर सांभाळून नाव बदलायचं तर कमांड लांब होत होती. ते अक्षर गाळलं तर दोन्ही फाइलींना एकच नाव मिळणार, आणि ते यंत्र अशा वेळी विचारत नसे की बाबा रे, या नावाची फाइल आधीच आहे. मागून आलेली आधीचीवर चढे आणि आधीची नाहीशी होई.

भाऊंनी तोकडी कमांड लिहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कळ दाबली, खूण पुन्हा लुकलुकली. साहेब म्हणाले, ‘‘झालंसुद्धा? वा!’’

जेवणाच्या सुटीत भाऊ म्हणाले, ‘‘मले मालूम होतं बाई. पन साहेब मागं उभे, अन् मी कळा शोधत बसलो असतो त... फ्लापीवर नक्कल हाय. साहेब गेले का चढवतो.’’

फ्लॉपी लागली नाही. पावसाळ्याच्या ओलीनं तिच्यावर बुरशी धरली होती. आम्ही पुसून पाहिली, पुन्हा पुन्हा घालून पाहिली. चक गावांची सगळी माणसं, गुरं, विहिरी गेल्या होत्या, फक्त माल गावं उरली होती.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, सगळ्यांनी आळीपाळीनं कागदावरून पुन्हा टाइप करायचं, आणि ज्यानं घालवलं त्यानं सुरुवात करायची. मी म्हटलं, साहेब, मी करते. साहेब म्हणाले, तुम्ही मध्ये पडू नका.

भाऊ बसले. सगळे उभे. पहिलं नाव चुकलं, दुसरं चुकलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्या गार खोलीत. साहेबांनी वैतागून त्यांचा हात धरला, ‘‘असं ठेवा की बोट!’’ म्हणाले, आणि हातातला हात पाहिला. करंगळी वाकून राहिलेली. धरला होता त्याच्याहून जलद त्यांनी तो सोडला. सगळ्यांना सगळं कळलं.

संध्याकाळपर्यंत कीबोर्ड व्हरांड्यात उन्हात ठेवला गेला, खुर्ची फिनाइलनं पुसली गेली. शिकलेली माणसं ती! भिंतीवरच्या सूचनेत ‘बरा होतो’ असंही लिहिलेलं असे, ते कुणी वाचलेलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तो कीबोर्ड उचलून आत आणला, जोडला आणि त्यावर चक गावं टाइप करायला बसले. त्यानंतर त्या कीबोर्डला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. पर्यायानं मलाही.

भाऊ लांब रजेवर गेले. परत आले ते डॉक्टरांचा बरं झाल्याचा कागद घेऊन. साहेबांनी तो चिमटीत धरून वाचला आणि त्यांना मागच्या अभिलेख खोलीत जागा दिली, जुन्या गठ्ठ्यांमध्ये. कॉम्प्युटरच्या खोलीत येऊ नका असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

नावं बदलायचं काम निघालं की मी भाऊंना बोलावत असे. ते चपला काढत नसत, कारण आत यायचंच नसे. दार अर्धं उघडून बाहेर उभे राहत आणि एकेक अक्षर सांगत. मी टाइप करत असे. ‘‘आता ते काढा. नाई पाहिजे ते.’’ चेहरा तेवढ्यापुरता पूर्वीसारखा होई.

एक दिवस अशीच कमांड अर्धी झाली होती. साहेब टेबलावरून मान वर न करता म्हणाले, ‘‘दार लावा कुणीतरी, गारवा जातोय.’’

भाऊ बोलता बोलता थांबले. माझ्याकडे पाहून हसले आणि दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून त्यांनी ते बाहेरूनच ओढून घेतलं. ते पुन्हा आले नाहीत.

पडद्यावर अर्धी ओळ उभी होती. पुढची अक्षरं मला येत होती. मी भाऊंना बोलावत होते त्या प्रत्येक वेळी ती मला येत होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मी ओळ पुरी केली.