नसीमा मॅडमचा मंगळवार

नसीमा मॅडम वर्गात आल्या की आधी माझ्या मुलांशी हात मिळवायच्या आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे बघून मान हलवायच्या. हात मिळवणंही इतकं रीतसर, की पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई निवडणुकीला उभी आहे. वर्ग माझा, हजेरी माझी, बसायचा तो घसाही माझा. पण मंगळवार उजाडला की पोरं सकाळपासून खिडकीला चिकटलेली. हे मला तेव्हा आवडत नसे. आज इतक्या वर्षांनीही आवडत नाही.

उलव्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत होते. ज्या मुलांना ऐकायला, बघायला, समजायला अडचण येते, त्यांनीही गावच्याच शाळेत इतरांबरोबर शिकावं, असं सरकारचं धोरण होतं. त्यासाठी तालुक्याने फिरत्या विशेष शिक्षिका नेमल्या होत्या. नसीमा मॅडम त्यांतल्या एक. कोकणी मुसलमान, माहेर उरणचं, सासर पनवेलचं. नेमणूक कंत्राटी, दर वर्षी नव्याने होणारी. स्कूटीवरून रोज एका शाळेत जायच्या, आमच्या वाट्याला मंगळवार आला होता. "मी काय, पाहुणी. घर तुमचं, बाई," असं मला म्हणायच्या. आणि पाहुणीनेच घरातली पोरं फितवायची!

त्या यायच्या सानिकासाठी. सानिकाला फार कमी ऐकू यायचं. तिसरीचं अख्खं वर्ष मी तिला पहिल्या बाकावर बसवून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. पुढे तालुक्याच्या शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. तिच्या आईने, हिराबायने, ते कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवून दिलं. "सरकारी वस्तू हाय, बाई. शालंत हरवली त काय करू?" मग घरात लग्न निघालं. हळदीला पोरीला नटवताना गळ्यात हार, हातात बांगड्या आणि कानात मशीन! आमच्या आगरी गावातली हळद म्हणजे अंगणात डीजेची भिंतच. पोर किंचाळत घरात पळाली. त्यानंतर मशीन नुसतं दिसलं तरी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरायची.

हेडसरांनी हिराबायला बोलावून सांगितलं, दिवाळीपर्यंत मुलगी मशीन लावून शिकायला लागली नाही, तर तिला मूकबधिरांच्या निवासी शाळेत पाठवा अशी शिफारस त्यांना करावी लागेल. हिराबाय म्हणाली, "माझ्यापासून लांब नाय धाडायची मी तिला. त्यापरीस घरी बसंल." म्हणजे पोरीची शाळाच संपली. माझा जीव कासावीस झाला. सानिका माझ्या वर्गातून जाणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि तिला वाचवायचं ते मीच, हेही ठरवलं.

वाचवायला सुरुवात केली मात्र नसीमा मॅडमनी. मशीन कानाला लावायचंच नाही, असा त्यांनी हुकूम सोडला. ते नुसतं बाकावर पडून राहायचं. मुलं हातात घेऊन बघायची. मॅडम ते स्वतःच्या कानाला लावून अशी काही वेडीवाकडी तोंडं करायच्या की सानिकाला हसू आवरायचं नाही. मी दिवाळीची आठवण केली तर म्हणाल्या, "घाई नको, बाई. भीती काय आपल्या टाइमटेबलने जाते? इन्शाल्ला, जाईल." मग एका मंगळवारी सगळ्या वर्गाला गप्प बसवून, मशीनचा आवाज अगदी बारीक ठेवून त्यांनी ते तिच्या कानात घातलं आणि खिचडीच्या तांदळाचे चार दाणे ताटलीत टाकले. सानिकाने चटकन मान वळवली. ताटलीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि तोंडभर हसली. वर्षभर घसा मी फोडला आणि हसू मिळालं तांदळाला!

वर मलाच म्हणाल्या, "बाई, ओरडू नका हां. ओरडताना तुमचा चेहरा रागावलेला दिसतो. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं." माझ्या वर्गात माझ्याच चेहऱ्याबद्दल! आठवडाभर मी धुसफुसत होते. मग गुपचूप हळू बोलायला लागले, आणि सानिका माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली. ह्याचंही श्रेय त्यांचंच, ह्या विचाराने जास्तच जळफळाट झाला.

दिवाळीच्या सुट्टीआधी तालुक्याचे साहेब तपासणीला आले. नसीमा मॅडमचं कंत्राट पुढे चालवायचं की नाही, हे त्यांच्याच शेऱ्यावर अवलंबून होतं. हिराबाय दाराशी येऊन उभी राहिली होती. सानिकाने मशीन लावून धडा वाचला. शब्द अर्धेमुर्धे, पण ओळ सोडली नाही. मी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. साहेब खूश झाले आणि त्यांनी नसीमा मॅडमना विचारलं, "हे कसं साधलं तुम्ही?"

आता ही बाई मिरवणार, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

"सर, मी आठवड्यातून एकदा येते," मॅडम म्हणाल्या. "रोज बाई असतात. मुलगी बाईंची आहे, बाईंना विचारा."

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मुलगी राहील का ह्या शाळेत?"

"राहील. मी आहे ना," मी म्हटलं. हेडसरांना मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दाराशी हिराबायने डोळ्यांना पदर लावला.

सानिका राहिली. नसीमा मॅडमचं कंत्राटही राहिलं, पण आमच्याकडचा मंगळवार गेला. बाई स्वतः सांभाळतात, तर इथे फिरत्या शिक्षिकेची गरज काय, असा तालुक्याने हिशेब केला आणि तो वार पळस्प्याकडच्या एका शाळेला देऊन टाकला. काम जमलं म्हणून मदत काढून घ्यायची, ही सरकारी तऱ्हा. मला मात्र बरं वाटलं. सानिका आता माझी एकटीची होती. ती बरेच दिवस माझ्यावर रुसून होती, ते मी खपवून घेतलं.

ती चौथी पास होऊन हायस्कूलच्या गावी पाचवीत गेली, तेव्हा हिराबाय पेढ्यांचे दोन पुडे घेऊन आली. "ह्यो तुमचा, न् ह्यो नसीमा मॅडमचा. नेऊन द्याल ना, बाई?" मॅडमचा पुडा मोठा होता. तो हातात धरून मी पनवेलला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पुडा बाजूला ठेवला आणि सानिकाबद्दल विचारायला लागल्या. मशीनचे सेल कोण बदलतं? मैत्रीण कोण? भांडते का? मीही अगदी रंगवून रंगवून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि हसल्या.

"खरं सांगू, बाई? माझा फार जीव जळायचा तुमच्यावर. तुम्हाला ती रोज दिसायची. मला आपला एक मंगळवार, तोही काढून घेतला. घ्या, पेढा घ्या."

जे मला कधी कुणापाशी उच्चारता आलं नाही, ते ही बाई पेढा खात, हसत हसत, माझ्या तोंडावर बोलून मोकळी झाली. मला त्याचाही हेवा वाटला.