भाऊजींचा उघडा फोल्डर

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करतात. लोकांच्या घरी जाऊन मशिनच्या पाठीला कान लावतात, एकदा फिरवून बघतात आणि मगच पान्याला हात घालतात. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणतात, "वहिनींच्या हातचं जेवून सवय बिघडली, आता मला कोण सांभाळणार?" त्यावर हे ठरलेलं उत्तर देतात, "सरळ सांग ना, तुला कोणी पसंत केलं नाही." आणि दोघं भाऊ हसतात. देव भाऊजींना घडवताना रागाची कळ बसवायची विसरला असावा, असं मला कायम वाटत आलं.

कामाव्यतिरिक्त त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट होती, त्यांनी बनवलेला खेळ. कॉम्प्युटरवरचा. मागच्या खोलीत, जिथे मी कपडे वाळत घालते, तिथेच कोपऱ्यात त्यांचं टेबल. ओल्या चादरी बाजूला सारत ते खुर्चीपर्यंत पोचत. कॉलेजात गेले नाहीत, सगळं बघून बघून शिकले.

खेळ असा, की एक होडीवाला आहे. तो माणसांना ह्या काठावरून त्या काठावर नेतो. मारामारी नाही, बंदुका नाहीत. माणसं होडीत बसतात, आपापलं बोलतात, आणि कोणाला कुठे उतरवायचं ते आपण ठरवायचं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "अहो, पण ह्यात जिंकायचं कधी?"

"जिंकायचं नाही वहिनी. पोचवायचं."

"मग खेळणार कोण?"

"तुम्ही खेळताय ना आत्ता." खरंच, हातातली भाजी चिरायची ठेवून मी खेळत बसले होते.

त्या होडीत एक म्हातारी बसते. तिचा आवाज माझा. एका दुपारी भाऊजींनी ओट्यावर माइक आणून ठेवला. म्हणाले, "सकाळी देवासमोर बसून जे पुटपुटता ना, ते म्हणा." मी म्हटलं, "ते काही पोथीतलं नाही हो, माझं मीच काहीतरी बोलते देवाशी." तर म्हणाले, "म्हणूनच पाहिजे." मग मी डोळे मिटून म्हटलं, "देवा, ज्याला पोचायचंय त्याला पोचव, ज्याला थांबायचंय त्याला जागा दे, आणि मला मध्ये लुडबुड करायची बुद्धी देऊ नकोस." मागे नळ ठिबकत होता, तोही त्यात आला. भाऊजींनी तो मुद्दाम तसाच ठेवला.

असे खेळ बाजारात आणणारी एक कंपनी आहे. तिथल्या बाईंना भाऊजींनी खेळाचा तुकडा पाठवला. त्यांना आवडला, पण म्हणाल्या, "आम्ही फक्त कन्सोलवर चालणारे खेळ घेतो. कन्सोलवर चालवून दाखवा, मग बोलू." कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा. आमच्या घरात त्याला डबाच म्हणतात. भाऊजींनी एक वापरलेला डबा आणला, पुसला, आणि मला म्हणाले, "वहिनी, एकदा माझं नाव त्या पडद्यावर येऊ दे. मग जन्मभर मशिनं दुरुस्त करीन, तक्रार करणार नाही." इतकं उघड मागणं त्यांनी कधी कोणाकडे केलं नव्हतं. मीही ते रोजच्या प्रार्थनेत घातलं.

मला वाटलं वायर लावली की झालं. तसं नसतं. दुकानातून आलेला डबा फक्त दुकानातले खेळ चालवतो. स्वतःचा बनवलेला चालवायचा तर आधी त्या डब्याला खेळ बनवणाऱ्यांच्या पद्धतीत न्यावं लागतं. मग तो पडद्यावर आपला पत्ता दाखवतो, आकड्यांची एक ओळ. ती कॉम्प्युटरमध्ये टाकायची, की दोघांची ओळख पटते. निदान पटायला हवी. आमच्याकडे पटेना. भाऊजी आकडे टाकत, कॉम्प्युटर म्हणे असं कोणी घरात नाहीच. एकदा पटली, तर अख्खा खेळ तिकडे जाईपर्यंत माझा स्वयंपाक, जेवण, भांडी सगळं उरकलं, आणि शेवटी मध्येच तुटलं. होडीवाल्याचं वल्हं जरा बदललं तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून पाठवायचं. रविवारमागून रविवार गेले. हे म्हणायचे, "दोघांची सोयरीक जमत नाही म्हण. पत्रिका बघून घे."

शेवटी भाऊजींनी आपल्या मित्राला बोलावलं. तो एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. लहानपणापासून ह्यांच्या घरी येणारा. आम्ही त्याला तबल्या म्हणतो, कारण त्याची बोटं कुठेही गप्प बसत नाहीत. टेबल असो, ताट असो, आजारी माणसाच्या पलंगाची कड असो, चालूच. त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा जेवणाचा डबा मी न्यायचे. तेव्हापासून सकाळी घरच्यांची नावं देवापुढे घेताना त्याचंही घेत आले.

तबल्या आला, खुर्चीत बसला, आणि एका बैठकीत दोघांची ओळख पटवून दिली. राउटरपासून डब्यापर्यंत वायर ओढली, आणि म्हणाला, "अरे येड्या, खेळ उचलून तिकडे नेतोस कशाला? कॉम्प्युटरातला फोल्डर उघडा ठेव. डबा इथूनच वाचेल. तू इकडे बदललंस की तिकडे लगेच दिसेल."

तसंच झालं. टीव्हीवर होडी सरकली, आणि भाऊजी उभेच राहिले. मी हात जोडले.

"पण डबा दर वेळी पासवर्ड विचारतोय," भाऊजी म्हणाले. डब्याला कीबोर्ड नव्हता. हातातल्या कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत टाकायचं, म्हणजे जीव जायचा.

"मग काढून टाक. घरातल्या घरात कुलूप कशाला? कोण येणार आहे तुझ्याकडे, मशिनवाल्या?"

भाऊजींनी काढून टाकला. त्या फोल्डरात नुसती होडी नव्हती, खेळ ज्याने बनतो ते सगळं होतं. प्रत्येक ओळ, प्रत्येक चित्र, आवाज. घरच्या इंटरनेटवर असलेल्या कोणालाही ते दिसलं असतं. पण घरच्या इंटरनेटवर होतं कोण? हे, मी, भाऊजी. आणि तबल्या, त्याला आम्ही केव्हाच घरचा धरलं होतं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. भाऊजी एका बाईंचं मशिन पाणी गळतंय म्हणून तिकडे गेले होते. तो बाहेरच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. "ऑफिसचं जरा आहे, वहिनी. तो येईपर्यंत करतो." मी चहा दिला. त्याची बोटं त्या दिवशी स्थिर होती. मला वाटलं दमलाय, म्हणून आणखी एक कप दिला.

त्यानंतर तो यायचा थांबला. कामं वाढली म्हणाला. इकडे भाऊजींची होडी डब्यावर लोण्यासारखी चालायला लागली. दाखवायला न्यायचा दिवस ठरवावा म्हणून त्यांनी कंपनीतल्या बाईंना फोन केला. मी तिथेच चादरी काढत होते. भाऊजींचा चेहरा आधी हसरा होता, मग नुसता ऐकणारा झाला.

"नाही... आम्ही दोघं मिळून नाही... नाही, मी एकट्याने..."

बाईंनी एक व्हिडिओ पाठवला. तबल्याने त्यांना "आम्ही दोघांनी केलाय" म्हणून दाखवलेला खेळ. आम्ही तिघांनी मागच्या खोलीत उभ्याउभ्याच बघितला. नदी जरा रुंद केलेली, होडीला रंग वेगळा. बाकी होडीवाला तोच, तसाच पाठीतून वाकणारा. मग म्हातारी चढली, आणि एका परक्या बाईच्या स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "देवा, ज्याला पोचायचंय त्याला पोचव..." अगदी लुडबुडीपर्यंत. कोणीतरी माझे कपडे घालून माझ्यासमोर उभं राहावं आणि मला ओळखही दाखवू नये, तसं झालं.

हे म्हणाले, "बोलाव त्याला."

तो आला. लपला नाही, हे खरं. खुर्चीत बसला आणि बोटं सुरू झाली.

"चोरी काय म्हणतोस? फोल्डर तूच उघडा ठेवला होतास."

"डब्यासाठी ठेवला होता," भाऊजी म्हणाले.

"मग मी काय भिंत फोडून शिरलो?"

"भिंत कशाला फोडशील?" हे म्हणाले. "दारातून आलास, चहा प्यायलास, दोन कप. हिने बिस्किटंपण दिली असतील."

"दादा, तुम्ही मध्ये पडू नका. हे बघ, तुझ्याच्याने जमत नव्हतं. तो डबा तुझ्याशी बोलत नव्हता, मी बोलता केला. मी नसतो तर तुझी होडी ह्या खोलीतच सडली असती. अर्धा खेळ माझा आहे."

भाऊजी शांतपणे म्हणाले, "मग अर्धा न्यायचास. सगळा का नेलास?"

बोटं थांबली. क्षणभर मला वाटलं, आता हा रडेल. पण तो म्हणाला, "कारण तू तो कधी दिलाच नसतास. आणखी दहा वर्षं त्या म्हातारीच्या सुरकुत्या नीट करत बसला असतास." ह्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

"आणि माझी प्रार्थना?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचा आवाज मी काढला ना! चांगली शिकलेली बाई घेतली त्याच्यासाठी."

"आवाज काढलास. शब्द ठेवलेस."

"लोकांना तेवढंच तर सगळ्यात जास्त आवडलंय," तो म्हणाला, आणि हे त्याने कौतुक म्हणून सांगितलं. जाताना सवयीने "येतो वहिनी" म्हणाला. मीही सवयीने "ये" म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी देवासमोर नावं घेताना त्याच्या नावापाशी अडखळले. घेववेना. गाळवेना. तशीच उठले.

कंपनीतल्या बाईंनी भाऊजींना भेटायला बोलावलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चला बरोबर. तुम्ही असलात की धीर येतो." पान्यांच्या पिशवीत डबा, कॉम्प्युटर, वायरी भरल्या. काचेच्या भिंतींच्या त्या खोलीत त्यांनी मशिन उघडावं तशा शांतपणे सगळं जोडलं. पडद्यावर आकडे आले, त्यांनी ते टाकले, आणि पहिल्या फटक्यात ओळख पटली. होडी निघाली. म्हातारी चढली आणि माझ्या आवाजात बोलली, मागे नळ ठिबकत.

बाईंनी म्हातारीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा तुमचाच आहे, मला कळतंय. त्यांना मी प्रश्न विचारले तर ते अडखळत होते." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "पण करार त्यांच्याशी झालाय. भांडायचं तर कोर्टात भांडावं लागेल, आणि ते म्हणणार दोघांनी मिळून केलाय. तुम्ही दोघं एकत्र नाव लावायला तयार असाल, तर आजच कागद बदलते."

म्हणजे त्यांचं मागणं समोर होतं. पडद्यावर नाव. नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, हो म्हणायला लाव. लगेच म्हटलं, नको लावू. काय मागावं तेच कळेना.

भाऊजींनी होडी त्या काठाला लावली, म्हातारीला उतरवलं, आणि वायर काढली. "नको."

"विचार करा. एक संधी जातेय."

"केला, ताई. खेळ चालवून बघितलात, त्याबद्दल उपकार झाले."

बसची वाट बघताना मी विचारलं, "का हो?" ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "त्याच्या शेजारी माझं नाव लागलं, की ते मला रोज वाचावं लागेल." ह्यांनी घरी ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "शहाणपणा नडला तुला. अर्धी भाकरी तरी मिळाली असती." दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी पान्यांची पिशवी रिकामी करून पुन्हा नुसते पाने भरले आणि कामावर गेले.

मग रविवार आला. मला वाटलं आता मागची खोली मला नुसती कपड्यांसाठी मिळेल. पण चहा घेऊन गेले तर भाऊजी टेबलाशी होते. डबा जोडलेला, होडी काठाशी उभी. ते टेबलावरच्या टीव्हीसमोर बसून कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत होते. कासवाच्या गतीने.

"काय करताय?"

"पासवर्ड टाकतोय फोल्डरला. डब्यालाही तो दर वेळी द्यावा लागणार आता."

"म्हणजे खेळ पुढे चालू आहे?"

"आहे ना. दुसरी नदी करतोय."

मला इतकं हायसं वाटलं, की मी सहज विचारलं, "काय ठेवलात पासवर्ड?" सहजच. त्यांच्या फोनचा, बँकेचा, सगळ्याचा मला ठाऊक असतो. तेच सांगून ठेवायचे, "वहिनी, लक्षात ठेवा हं, मी विसरतो."

भाऊजींनी हातातला कंट्रोलर खाली घेतला. पडद्यावरची अक्षरं अर्धवट राहिली.

"ते राहू द्या, वहिनी."

मग त्यांचं त्यांनाच कानकोंडं झालं. "तुमच्यावर काही नाही हो... तसं नाही..."

"कळलं मला," मी म्हटलं. चहा टेबलावर ठेवला, आणि त्यांचं टाकून होईपर्यंत पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.