तिसरा ठिपका

बुधवारी सकाळी दातांच्या लॅबमध्ये कवळीताईंनी एका गृहस्थांच्या दाढेवरचा मणी पात्याच्या टोकाने उडवला आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. दाढ काही खरी नव्हती, प्लास्टरची होती. असे मणी उडवण्यात ताईंची एकतीस वर्षं गेली होती. त्यामुळे यात पांढरंफटक पडण्यासारखं काय आहे, ते माप घेऊन आलेल्या दातांच्या डॉक्टरांना कळेना.

"काय झालं ताई? चक्कर आली का?"

"नाही हो. ठिपका," ताई म्हणाल्या. डॉक्टर आणखीच गोंधळले.

आता हे मण्याचं प्रकरण सांगून टाकायला हवं, नाहीतर तुमचंही डॉक्टरांसारखं व्हायचं. कवळी करायची तर आधी तोंडाचं माप घेतात. मऊ लगदा हिरड्यांवर दाबायचा, घट्ट झाला की काढायचा आणि उमटलेल्या खळग्यांत प्लास्टर ओतायचं. झाली दातांची हुबेहूब प्रत. पण माप घेताना लगद्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर त्या पोकळीत प्लास्टर शिरतं आणि दातावर मोहरीएवढा मणी उगवतो. तोंडात तो नसतोच. म्हणून मणी दिसला की उडवायचा, हे कवळ्या करणारा माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो.

चौदा वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या मॅडम असं माप घेणारं माणूस शोधत लॅबचे दोन जिने चढून आल्या. त्यांच्याकडे कार्थेजची तीनशे बारा नाणी होती. आफ्रिकेच्या समुद्रकाठचं ते व्यापारी शहर बेचिराख होऊन दोन हजारांवर वर्षं झाली, पण त्याची नाणी अजून टिकून आहेत. एका बाजूला केसांत कणसं खोवलेली देवी, दुसऱ्या बाजूला घोडा, कधी त्याच्या पाठीमागे खजुराचं झाड. चकाकत्या नाण्याचा फोटो नीट येत नाही, म्हणून मॅडमना प्लास्टरच्या प्रती हव्या होत्या. पहिल्या दिवशी ताईंनी मुकाट्याने बारा नाण्यांची मापं घेतली. तेराव्याला थांबल्या.

"मॅडम, हा मघाचा घोडा नाही. त्याचा भाऊ आहे. याचा गुडघा बघा."

मॅडम तीन वर्षं ते घोडे बघत होत्या. गुडघा त्यांना दिसला नव्हता!

तिथून ताई जी नादी लागल्या, त्या लागल्याच. नाणं पाडायचा प्रत्येक ठसा कारागिराने हाताने कोरलेला, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. कुठे घोड्याच्या पायाशी एक ठिपका, कुठे दोन, कुठे एखादं अक्षर, कुठे देवीच्या कानातलं लांब. हातोडा खाऊन खाऊन ठशाला तडा जातो, तो नाण्यावर उमटतो आणि दर घावाला वाढतो. तडा बघून सांगता येतं, कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं. कुणाची दाढ कुठल्या जबड्याची हे ओळखणाऱ्या बाईला हे जमणारच की. जेवणाचं टेबल प्लास्टरच्या चकत्यांनी भरून गेलं. ताईंचे यजमान निवृत्त बसचालक, त्यांना थट्टेला विषयच मिळाला. "घोडे जरा तबेल्यात ने गं," ते म्हणायचे, "मला ताट ठेवायचंय."

आणि आता पुस्तक होत होतं. या तीनशे बारा नाण्यांची सगळी नक्षी, सगळे प्रकार, क्रमवार. मुखपृष्ठावर दोन नावं, मॅडमचं आणि ताईंचं. शुक्रवारी ते छापायला जाणार होतं. त्यात ताईंचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे सत्त्याऐंशी नंबरचं नाणं. त्या जातीच्या बाकी सगळ्या नाण्यांवर घोड्याच्या पायाशी दोन ठिपके, यावर तीन. असं नाणं आणखी कुठे नाही, असं मॅडमनी प्रस्तावनेत कौतुकाने लिहिलं होतं.

मोहरीएवढा, गोल गरगरीत तिसरा ठिपका. आता कळलं ना, ताई स्टुलावर का बसल्या?

सत्त्याऐंशीचं माप ताईंनी अगदी सुरुवातीला घेतलं होतं. खरं नाणं हातात होतं जेमतेम पाच मिनिटं, तेही मापापुरतं. पुढे सगळी तपासणी घरी, प्रतीवर. नाणं संग्रहालयाच्या कपाटात, किल्ली मॅडमकडे. म्हणजे गुपचूप बघून यायची सोयच नव्हती. बघायचं तर आधी तोंड उघडायला हवं होतं.

घरी येऊन त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान भेंडी चिरत होते.

"अगं, पण कळणार कुणाला? एक ठिपका!"

"मला कळलंय ना!" ताई कडाडल्या. मग आवाज खाली आला. "अहो, भीती वाटते मला. लोक म्हणतील, कवळ्या करणारीला कुणी सांगितलं होतं नाण्यांत नाक खुपसायला? माझं जाऊ द्या. मॅडमनी माझ्यावर भरवसा टाकला. त्यांचं हसं होईल माझ्यापायी."

यजमानांनी विळी बाजूला सारली. एरवी या माणसाला गंभीर बोलायची सवय नाही. "उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. "मी येतो बरोबर. बाहेर बसेन, आत तुझं तू बघ."

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत आणि सकाळी चहाही तसाच ठेवून निघाल्या.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला त्या मॅडमच्या खोलीत उभ्या. टेबलावर पुस्तकाची तपासायची पानं पसरलेली. "या ताई! पान चव्वेचाळीस बघा, किती छान आलंय," मॅडम म्हणाल्या. पान चव्वेचाळीसवर सत्त्याऐंशी नंबरच होता. नशीब बघा!

"मॅडम, ते नाणं काढा. माझ्याकडून घोटाळा झालाय बहुतेक."

मॅडमनी किल्ली काढून कपाट उघडलं. ताईंनी नाणं दिव्याखाली धरलं, भिंग लावलं. झिजलेलं नाणं, घोडा अर्धा पुसलेला. पायाशी एक ठिपका. दुसरा ठिपका. आणि तिसऱ्याच्या जागी साफ सपाट चांदी.

"नाहीये," ताई म्हणाल्या. "बुडबुडा होता, मॅडम. एकतीस वर्षं लोकांच्या दाढांवरचे मणी उडवले आणि देवीच्या नाण्यावरचा मणी शोध म्हणून मिरवला. पुस्तकातून माझं नाव काढा."

मॅडमनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मग पानं भराभरा उलटून एका ठिकाणी बोट ठेवलं आणि चक्क हसू लागल्या. "ताई, देवीच्या गळ्यावरचा तडा!"

आता हा तडा म्हणजे ताईंच्या पायातला जुना काटा. दोन ठिपक्यांच्या नाण्यांवर देवीच्या गळ्यापाशी तो क्रमाने वाढत जातो, आणि सत्त्याऐंशीवरचा तडा नेमका मधलाच. म्हणजे देवीचा ठसा तोच, पण घोड्याच्या बाजूला दोन ठिपक्यांचा ठसा चालू असताना मध्येच एका नाण्यापुरता तीन ठिपक्यांचा ठसा आला आणि पुन्हा गेला? ते जुळवायला ताईंनी दीड पान खर्ची घातलं होतं. दोन कारागीर शेजारीशेजारी बसवले होते, त्यांना ठशांची अदलाबदल करायला लावली होती. ठिपकाच नाही म्हटल्यावर शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी मुकाट एका रांगेत उभे राहिले.

"म्हणजे दुसरा कारागीर नव्हताच," ताई पुटपुटल्या.

"नव्हताच! दीड पान गेलं!" मॅडमनी पेन्सिलीने ते पान आडवंउभं खोडलं. मग पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "खरं सांगू? ते पान मी चार वेळा वाचलं. मला कधीच पटलं नव्हतं."

"मग बोलायचं नाही का हो?" ताईंचा पारा चढला. "मी इथे कालपासून मरतेय!"

"मला वाटलं, मलाच कळत नसेल. तुम्ही म्हणता म्हणजे बघूनच म्हणत असणार."

ताईंचा पारा उतरला. शिकलेली बाई, दोन पदव्यांची, आणि आपल्या शब्दापुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती. ताईंना लाज वाटली आणि रडूही आलं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बुडबुडा एका मापात राहिला तर दुसऱ्यात नसेल कशावरून? सगळी नाणी काढा."

दोघींनी मग ठिपक्यांची, अक्षरांची, सगळी नाणी एकेक करून खऱ्याशी ताडून पाहिली. दुपारची सुट्टी नाही, चहा नाही. ताई प्रत्येक ठिपक्यावर भिंग धरायच्या आणि "आहे" म्हणायच्या, मॅडम खूण करायच्या. पहिले वीस "आहे" कापऱ्या आवाजात निघाले. पुढे आवाज मोकळा होत गेला. साडेचारला शेवटचं नाणं डबीत गेलं तेव्हा दुसरा एकही मणी सापडला नव्हता.

मॅडमनी सत्त्याऐंशीच्या खाली टीप लिहिली, की प्रतीवर दिसणारा तिसरा ठिपका नाण्यावर नाही, आणि ही चूक कुणी शोधली त्याचं नाव घातलं.

"चूक केली कुणी, तेही लिहा," ताई म्हणाल्या.

"लिहिते की. म्हणजे तुमचंच नाव एका ओळीत दोनदा येईल."

"येऊ द्या," ताई म्हणाल्या आणि समोर बसून ते लिहून घेतलं.

बाहेर अंगणातल्या बाकावर यजमान सकाळपासून तसेच बसले होते, मांडीवर जेवणाचा डबा. ताईंना येताना बघून डबा सावरत उभे राहिले.

"एक गेला," ताई म्हणाल्या. "बाकी सगळे खरे आहेत हो! सगळेच्या सगळे!"

"आणि नाव?"

"आहे. आधी तो डबा उघडा, भुकेने जीव चाललाय माझा."

बाकावर बसायचीही वाट न बघता त्यांनी उभ्याउभ्याच डबा फस्त केला, यजमानांच्या वाट्याच्या दोन पोळ्यांसकट.