खोंडाबाईचा शेवटचा वळू

खोंडाबाई माणसाच्या तोंडाकडे आधी पाहायचीच नाही, पायांकडे पाहायची. मुलगी बघायला आलेला नवरदेव असो की शाळेचा नवा मास्तर, आधी टाचा, मग पोटऱ्या, आणि तिथवर पसंत पडलं तरच चेहरा. साठ सालाच्या आसपास मी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, म्हणून लागलो आणि किन्हवलीपलीकडच्या तिच्या वाडीत गेलो, तेव्हा माझेही पाय तपासून झाले. "बारीक हायेत," ती म्हणाली, "पन पडनार नाय." नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

तिचा तांबडा वळू दोराशिवाय तिच्या मागून हिंडायचा, म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलं होतं. गायी म्हणाल तर माझ्या कमरेला लागतील एवढ्या, आणि दूध चहापुरतं. तेही तिच्या एकटीच्या चहापुरतं. मी नाक मुरडलं की फणकारायची, "दूध पायजे तं म्हशीकडं जा. ही चढाची जात हाय." खरंच होतं ते. सिद्धगडाच्या बाजूला ज्या चढावर मी हातापायांवर रांगत जायचो, तिथे तिची गुरं शेपट्या हलवत चरत असायची. भाताच्या चिखलात तिचे बैल कधी रुतले नाहीत की पावसाळ्यात कधी आजारी पडले नाहीत. मला हे सगळं दिसत होतं, पण मी सरकारी नोकर होतो.

सरकारला मोठी, दुधाळ गुरं हवी होती. त्यासाठी दवाखान्यात बाहेरून आणलेला पांढराशुभ्र, धिप्पाड वळू बांधला होता. गावठी वळू खच्ची करायचे हे माझं काम, आणि त्याचा लोखंडी चिमटा कायम माझ्या पिशवीत. मी वाडीत शिरलो की खोंडाबाईचा वळू गायब! कुठे आहे विचारलं तर एकदा म्हणाली, "मामाकडं गेलाय." पुढच्या खेपेला, "लग्नाला गेलाय." चेहरा इतका गंभीर, की मी मूर्खासारखा कधी परतणार तेही विचारलं. "पाचपरतावनाला येल नवरीला घेऊन," म्हणाली आणि पाटी उचलून शेण भरायला गेली.

शेवटी मी डोकं चालवलं. दिवाळीच्या पाडव्याला वाडीतली झाडून सगळी गुरं सजवून एका जागी आणतात, पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. त्या दिवशी ती वळूला लपवणार कुठे? सकाळी सकाळी जाऊन पोचलो आणि बघतच राहिलो. प्रत्येक जनावराच्या अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. माझ्या वहीत खूण लिहिलेली, 'तांबडा, कपाळावर चांद.' इथे यच्चयावत गुरं तांबडी आणि सगळ्यांच्या कपाळांवर गेरू! ओळख पटवायचा एकच मार्ग उरला. मी एकेका जनावराच्या मागे जाऊन वाकून बघू लागलो.

वाडीतल्या बायांना हसू आवरेना. मी असाच पाचव्या की सहाव्या शेपटीमागे वाकलेलो असताना कोणीतरी पेंढा पेटवला, आरोळी उठली आणि अख्खा कळप उधळला. मागे शिंगं, पुढे जाळ. मी पिशवी छातीशी धरली आणि जाळावरून उडी ठोकली. पलीकडे आपटलो तेव्हा पँटची मोरी धुमसत होती आणि शेजारी एक तांबडा वळू फुरफुरत उभा होता. घामाने त्याच्या कपाळावरचा गेरू ओघळला होता आणि खाली चांद दिसत होता.

खोंडाबाई आरतीचं ताट घेऊन आली. आधी वळूला ओवाळलं, मग मला. "जाळावरून उडला तो आमच्या गोठ्यातला," म्हणत तिने माझ्या खाकी पाठीवर गेरूचा पंजा उमटवला. वाडी लोळायची बाकी राहिली होती. मीही हसत होतो. मग तिने वळूच्या गळ्यात दोर अडकवला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"घे, डाक्तर. किती दिस लपवू? पन ऐक. माळावरचा काळा तूच खच्ची केलास. ओढ्यापल्याडचा ठिपक्यांचा कवडा तूच केलास. खालच्या पाड्यातले दोघं, तेबी तूच. पाच वाड्यांत आता ह्यो एकच राह्यला. ह्यो गेला का ही जात गेली, रे."

मी मनात मोजून पाहिलं. बाई एकही चुकली नव्हती. ते सगळे मीच केले होते आणि दर वेळी शाबासकी घेऊन घरी गेलो होतो. मला फार लाज वाटली. दोर तिच्या हातात परत दिला. दवाखान्यात साहेबांना सांगितलं, वळू सापडला नाही. साहेबांनी माझ्या पाठीवरचा पंजा पाहिला आणि रजिस्टरात 'सापडला नाही' असं लिहून टाकलं.

पुढे माझी बदली झाली. खोंडाबाई आटगाव स्टेशनपर्यंत पोचवायला आली, मला म्हणाली, "जाशील तिथं चिमटा उघडायच्या आधी इचार, ह्याच्यासारका दुसरा हाय का." मी नोकरीभर विचारलं. दुसरा नाही असं उत्तर आलं की चिमटा पिशवीत. 'कामात ढिला' असा शेरा तीन साहेबांनी मारला.

काही वर्षांनी तिच्या पुतण्याचं पोस्टकार्ड आलं. 'काकी गेली. हाल झाले नाहीत. वाडीत आता वळू तीन आहेत. धाकट्याचं नाव तिने डाक्तर ठेवलंय.' माझ्या डोळ्यांना धार लागलेली आणि तोंडाने मी खो खो हसतोय, हे पाहून बायको धावत बाहेर आली. मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच."